शेपूट धरणारा

३ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितो आहे. फाडून टाकायचं म्हटलं तरी पत्र आधी हातात घ्यावं लागतं. तेवढं घेतलंस आणि इथपर्यंत आलास, तर पुढचंही वाच. आपल्या भांडणाबद्दल यात काही नाही.

पोरगी तुझ्याकडे राहायला आली, धाकटीने, तुझ्या बायकोने, तिला हक्काने ठेवून घेतलं, याचं आम्हा दोघांनाही बरं वाटलं. तुझी वहिनी तेव्हा म्हणाली, "बोलत नाहीत ते दोघे भाऊ. पोरीने का म्हणून मेसचं खायचं?" प्रशिक्षण संपेपर्यंत ती तुमच्या घरात आहे, या विचाराने मला शांत झोप लागते. म्हणजे परवापर्यंत लागत होती.

परवा फोनवर ती सहज बोलून गेली. "बाबा, काका रिमोटच्या विमानांच्या बॅटऱ्या दारातल्या चपलांच्या मांडणीवर चार्जिंगला लावतो. एक तर उशीसारखी फुगलीये. मी म्हटलं टाकून द्या, तर म्हणतो, अजून एक उन्हाळा काढेल." आणि हसली. तिला वाटलं मीही हसेन.

तू लिफ्टची कामं करतोस. तारा आणि मोटारी तुला मी सांगायला नकोत. पण लिथियमची बॅटरी फुगली म्हणजे आतून ती सडली, एवढं तुलाही ठाऊक आहे. तिला पुन्हा चार्जिंगला लावलं तर एखाद्या वेळी ती पेटते, आणि पेटली की विझवणाऱ्याचं ऐकत नाही. तुझ्या घराला दार एकच आहे. ती मांडणी नेमकी त्या दारात. आतल्या खोलीत पोरगी झोपते.

फुगलेली तेवढी उचल. तिच्या तारांच्या तोंडाला चिकटपट्टी लाव, वाळूच्या बादलीत घालून गॅलरीत मोकळ्यावर ठेव आणि जुन्या बॅटऱ्या घेतात तिथे देऊन ये. चांगल्या असतील त्या नुसत्या फरशीवर ठेवून लाव, जवळपास कापड नको, कागद नको. आणि लावून बाहेर जाऊ नकोस, झोपू नकोस. एवढंच मागणं आहे.

तू म्हणशील, मैदानावरचा मास्तर अजून गेला नाही. पोरीजवळ तू म्हणालासच म्हणे, की तुझ्या बाबाचा देव विमानाच्या पंख्यात बसतो. बसत असेल. गावच्या शाळेत आपल्याला शिकवलं होतं की देव सगळीकडे आहे. मग पंख्यातही असणार, आणि तिथे त्याच्यापासून जरा लांब उभं राहिलेलं बरं.

भांडणाबद्दल लिहिणार नव्हतो, पण लेखणी तिकडे वळलीच. विमानं उडवायच्या मैदानाचा कारभार माझ्याकडे होता आणि तिथे एक नियम होता. पंखा लावलेल्या विमानाला एकट्याने हात लावायचा नाही. मागे शेपूट धरणारा हवा, आणि त्याने "धरलंय" म्हटल्याशिवाय इंजिनाला किंवा बॅटरीला बोट लावायचं नाही. त्या दिवशी स्पर्धेच्या गर्दीत तू एकट्यानेच बॅटरी जोडलीस, आणि मी सगळ्यांसमोर तुझ्या हातातून रिमोट काढून घेतला. तू म्हणालास, "जन्मभर मी शेपूटच धरू का?" आणि निघून गेलास. नियम बरोबर होता, असं मला आजही वाटतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला अजून देता आलेलं नाही.

बॅटरीचं तेवढं बघ.

दादा


११ फेब्रुवारी

धाकट्या,

पोरीने फोटो पाठवला. तुझी गॅलरी, कोपऱ्यात वाळूची बादली. खाली तुझा निरोप: "दादाला सांग, बादली ठेवली. आता तिच्यात झाड लावू का?" तुझ्या वहिनीला दाखवला. ती म्हणाली, "टोमणा मारलाय, म्हणजे राग उतरायला लागलाय. गप्प बसला असता तर काळजी होती." चपलांच्या मांडणीवर आता फक्त चपला असतात, हेही पोरीने सांगितलं. तू ऐकलंस. मी तुझा ऋणी आहे, असं भावाला लिहायचं नसतं, म्हणून लिहीत नाही.

अक्षर वेडंवाकडं आलंय, त्याकडे लक्ष देऊ नकोस. पेन नवीन आहे. वर्कशॉपही थोडे दिवस बंद ठेवलंय. मोटारींचं वायंडिंग करून डोळे शिणले होते, म्हटलं जरा बसावं. हे लिहिताना तुझी वहिनी मागून वाचून गेली. "पेन नवीन म्हणे," एवढंच म्हणाली आणि पाण्याचा पेला जरा जोरातच ठेवून गेली.

आता मुद्द्याचं लिहितो. तुमच्या कॉलनीच्या मैदानावर बावीस तारखेला, रविवारी, मुलांना विमानं दाखवायचा कार्यक्रम आहे, असं पोरगी म्हणाली. मोठं इंजिनाचं आणि छोटं बॅटरीचं, दोन्ही उडवणार. मला आनंद झाला. पण मग ती म्हणाली, रिमोट एकच आहे, दोन्ही विमानं त्याच्यावरच चालतात. आणि म्हणाली, मोठ्या विमानात इंजिनाचा वेग कमीजास्त करणारी छोटी मोटार तू उलट्या बाजूने बसवली आहेस.

हे ऐकल्यापासून मी स्वस्थ नाही. तशी ती मोटार जगात आपण दोघंच बसवतो. आपला बगळा, ते इंजिनाचं मोठं विमान, बांधताना आत जागा उरली नव्हती, म्हणून आपण ती उलटी टाकली आणि रिमोटमध्ये तेवढं उलटं करून घेतलं. मग तीच सवय लागली. बगळ्यापुरतं ते ठीक आहे. पण रिमोटमध्ये प्रत्येक विमानाच्या सेटिंगचं वेगळं पान असतं. मोठं उडवून झालं आणि पान न बदलता छोट्याची बॅटरी जोडली, की वेगाची दांडी खाली असूनही छोट्याला वाटतं की वर आहे.

म्हणून एक कर. त्या मोटारीची बाजू बदल, किंवा छोट्या विमानाला दुसरा रिमोट घे. जमत नसेल तर छोटं विमान रविवारी नेऊच नकोस. निदान पोरीला बॅटरी जोडायला लावू नकोस. ती पंख्याच्या समोर गुडघे टेकून जोडते. मी तिला फोटोत पाहिलं. पंख्याच्या समोर कुणी बसतं का रे? मागून हात घालायचा, हे तूच तिला लहानपणी शिकवलं होतंस.

बगळ्याचं इंजिन सुरू करताना तू मागे शेपूट धरून बसायचास, आणि इंधनातल्या एरंडेलाचा सगळा धूर तुझ्या अंगावर यायचा. आई म्हणायची, "याचे शर्ट धुण्यापेक्षा पिळून त्या तेलात पुऱ्या तळाव्यात." काल कपाटात तसा एक शर्ट सापडला. अजून वास आहे.

दादा


१९ फेब्रुवारी, गुरुवार

धाकट्या,

हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. उद्या संध्याकाळपर्यंत ते तुझ्या हातात पडेल. पडलं की पोरीच्या फोनवर नुसतं "मिळालं" एवढं कळव. शनिवार दुपारपर्यंत तुझं उत्तर आलं नाही, तर मी पोरीला फोन करून सगळं सांगणार आहे. मग ती प्रशिक्षणाची परीक्षा टाकून पळत आली तरी चालेल.

काल ती म्हणाली, "बाबा, काका म्हणतो की दादाला सांग, मला रिमोट कळतो. विमानं मीही उडवली आहेत, नुसती धरली नाहीत." आणि म्हणाली, रविवारी गर्दीत वेळ जातो म्हणून बॅटरी मीच जोडणार, काका तोवर लोकांना माहिती सांगणार, रिमोट त्याच्या गळ्यात असणार. "शेपूट कोण धरणार?" मी विचारलं. "बाबा, छोटं विमान आहे हो," ती म्हणाली.

आता ऐक. पेन नवीन नाही. हे मी डाव्या हाताने लिहितो आहे. मागचं पत्रही डाव्या हातानेच लिहिलं होतं.

तुझ्या बादलीचा फोटो आला त्या दिवशी मी फार खूश होतो. सकाळी मैदानावर बगळा उडवून आलो होतो. घरी येऊन फोटो पाहिला आणि मनात आलं, आपलं छोटं विमान, चतुर, तुला पाठवून द्यावं. तुमच्या कार्यक्रमात तीन विमानं होतील. पाठवण्याआधी नीट चालतंय का बघावं, म्हणून टेबलावर घेतलं. पंखा लावलेलाच होता, तो काढला नाही. मागे कुणी नव्हतं. तुझी वहिनी स्वयंपाकघरात होती, नुसती हाक मारली असती तर आली असती.

बॅटरी जोडली. विमान टीं टीं टीं करत राहिलं. आपल्याला वाटतं जोड सैल आहे, किंवा दांडी पुरती खाली नाही. मीही तेच केलं. एका हाताने जोड दाबून बघत होतो, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दांडी एकदा वर नेली. आवाज थांबला. मला बरं वाटलं. मग दांडी खाली आणली.

रिमोट बगळ्याच्या पानावर होता. टीं टीं करून विमान तेच सांगत होतं की तुझी दांडी वर आहे, मी सुरू होणार नाही. मी दांडी वर नेली, त्याला वाटलं आता खाली आली. मी खाली आणली, आणि ते पूर्ण वेगाने माझ्या अंगावर आलं. धाकट्या, सगळ्यात वाईट गोष्ट ही नाही. वाईट हे की ते थांबवायला मी दांडी आणखी खाली दाबत राहिलो. तीस वर्षांची सवय. बंद करायला खाली ओढायची, आणि त्या वेळी खाली म्हणजेच पूर्ण वेग. डोक्याला कळेपर्यंत हाताचं काम होऊन गेलं होतं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर गेलं. मधल्याची शीर तुटली, ती जोडली आहे, पण डॉक्टर म्हणतात ते बोट पूर्वीसारखं वाकणार नाही. विमान भिंतीवर आपटलं तेव्हा कुठे पंखा मोडला आणि थांबलं.

तुझी वहिनी धावत आली. तिने बॅटरीची वायर उपटून काढली आणि पदराने माझा हात बांधला. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आज मैदानावर कुणाचा रिमोट काढून घ्यायचा?" मी हसलो. ती मात्र तोंड फिरवून रडत होती.

तुझ्यासमोर हे लिहायला मला जड गेलं. ज्या नियमासाठी मी तुला घालवलं, तो मीच मोडला, आणि तोही कुणाची घाई नसताना. तुला हे कळलं की तू काय म्हणशील, याची वाक्यं मी दवाखान्यात पडल्या पडल्या ऐकली आहेत. त्यातली सगळी तू म्हण. मी ऐकून घेईन. पण आधी त्या मोटारीची बाजू बदल.

तुझी मोटार माझ्यासारखी. तुझी सवय माझ्यासारखी, कारण मीच लावली. टीं टीं झालं की तुझाही अंगठा दांडीकडे जाणार. आणि त्या वेळी पंख्यासमोर माझं बोट नसेल, पोरगी गुडघे टेकून बसलेली असेल. तिचा चेहरा त्या पंख्याच्या उंचीला येतो. मी रोज सकाळी देवापुढे हात जोडतो ना, तर आता हात जोडले की उजवीकडची बाजू कमी भरते. तेवढ्या फटीतून मला तिचा चेहरा दिसतो. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

पोरीला माझ्या हाताचं सांगायचं की नाही, ते तू ठरव. सांगितल्याने ती मागे सरकणार असेल तर सांग.

टीं टीं झालं तर दांडीला हात लावू नका. बॅटरी काढा. मागून काढा.

दादा


२४ फेब्रुवारी

धाकट्या,

शुक्रवारी तुझं "मिळालं" आलं. तो एक शब्द मी तुझ्या वहिनीला चारदा वाचून दाखवला. चौथ्यांदा ती म्हणाली, "पाठ झाला हो."

तरी रविवारी सकाळपासून मी फोनजवळ बसून होतो. चहा पुढ्यात आला तसाच गार झाला. मग पोरीचा फोन आला आणि पहिलं वाक्य, "बाबा, हात कसा आहे?" तेव्हा मला कळलं की तू तिला सांगितलंस. मी म्हटलं, आहे तेवढा बरा आहे. ती रडायला लागली, मग चिडली, मग सगळं सांगितलं. तू फोनवर फार बोलणार नाहीस, म्हणून तिने सांगितलेलं मी इथे लिहून ठेवतो. काही चुकलं असेल तर दुरुस्त कर.

ती म्हणाली, शनिवारी तू मोटारीची बाजू बदलायला बसलास, पण आत जागाच नव्हती. म्हणून रिमोटवर तू लाल पट्टी चिकटवलीस, पान बदलायची आठवण राहावी म्हणून. रविवारी मोठं विमान छान उडलं. मुलं ओरडत होती, कुणीतरी माईकवर बोलत होतं, कुणीतरी तुला फोटोसाठी बोलावून घेतलं. तिकडून धावत येऊन तू छोट्याशी बसलास. तिला तू मागे पाठवलंस. "शेपूट धर," म्हणालास. ती म्हणाली, "काका, छोटं आहे." तू म्हणालास, "तुझ्या बापाचं बोटही छोटंच होतं." मग तू विचारलंस, "धरलंय?" आणि ती म्हणाली, "धरलंय." मगच तू बॅटरी जोडलीस. मागून.

आणि टीं टीं टीं झालं.

तिने सांगितलं, तुझा अंगठा दांडीवर गेला. तिला दिसत होता. दांडी थोडी हललीसुद्धा. मग तुझा अंगठा तिथेच थांबला. तू रिमोट हळूच गवतावर ठेवलास, जसं झोपलेलं मूल ठेवतात तसा. "सोडू नकोस," म्हणालास. मागून हात घालून बॅटरी काढलीस. मग रिमोट उचलून पाहिलास, तर पान मोठ्या विमानाचंच होतं, आणि लाल पट्टी तुझ्या अंगठ्याखाली झाकली गेली होती. कुणालाही काही कळलं नाही. माईकवाला म्हणाला, "छोट्या विमानाला जरा लाज वाटते आहे," आणि सगळी मुलं हसली. तू पान बदललंस, पुन्हा एकदा विचारलंस, "धरलंय?" आणि ते उडवलंस. पोरगी म्हणाली, "बाबा, ते इतकं सुंदर उडलं, आणि मला मात्र सगळा वेळ काकाचा अंगठाच दिसत होता."

हे ऐकून झाल्यावर मी वर्कशॉपमध्ये जाऊन एकटाच बसलो. देवाकडे काही मागितलं नाही, काही बोललोही नाही. जो मागे उभा राहून धरतो, त्याच्याशी बोलावंच लागतं असं नाही.

आणि मग काल तुझा फोन आला. किती वर्षांनी तुझं नाव त्या पडद्यावर पाहिलं, आणि डाव्या हाताने उचलायच्या गडबडीत मी तो कापून टाकला. तू पुन्हा केलास. मला वाटलं होतं तू करणार नाहीस. मग तू म्हणालास, "दादा, वहिनीला सांग, पुढच्या शनिवारी आम्ही तिघं येतोय." मी नुसतं "ये" म्हटलं. म्हणून उरलेलं इथे लिहितो आहे. तू निघायच्या आधी तुला मिळेल.

बगळा काढून पुसून ठेवला आहे. टाकीत इंधन नाही, पंखा काढून वेगळा ठेवला आहे. तो आता मला घट्ट बसवता येत नाही, पाना बोटांतून निसटतो. लाकडी काडीने पंखा फिरवून इंजिन सुरू करणंही या हाताने जमायचं नाही. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कशाला हवंय ते?

पण घरी आल्यावर टेबलाच्या कडेला दोन्ही तळवे लावून, जोर देऊन पाहिलं. तळव्यांना काही झालेलं नाही. रेटून धरायला बोटं लागत नाहीत, तळवे पुरतात.

तू विचारलं होतंस, जन्मभर मी शेपूटच धरू का. त्याचं उत्तर एवढंच आहे. तू येताना बरा शर्ट घालून ये, तुझ्या अंगावर काही उडणार नाही. माझा जुना शर्ट मी काढून ठेवला आहे. इंजिन तू सुरू कर. मागे बसून "धरलंय" मी म्हणेन.

दादा